तिसऱ्या वळणावरची मेंढरं

एसेन मार्चमध्ये रशियाहून घरी आला आणि त्याने आपली चौकड्यांची मोठी बॅग गाद्यांच्या थप्पीशेजारी ठेवली. तिच्यातून आमच्या लेकीचे, मेरीमचे बूट निघाले, धाकट्या अक्तानची टोपी निघाली, माझी शाल निघाली. हिवाळी कोट, लोकरीचे मोजे आणि कामाचे जाड हातमोजे मात्र आतच राहिले. रोज सकाळी केर काढताना मी ती बॅग उचलायची, खालचं झाडायची आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायची. आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली, त्यांतली आठ नवरा नोव्होसिबिर्स्कच्या एका टायरच्या दुकानात; अधूनमधून थंडीत महिनाभर घरी यायचा, तेवढाच. त्याच्यापेक्षा त्याच्या बॅगेशी माझी ओळख जास्त. ती दाराकडे जराशी सरकली तरी मी पुन्हा आत ढकलायची.

तो आल्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही चहाला बसलो होतो. एसेनने मामंजींना विचारलं, "बाबा, आपली धावपट्टी हल्ली कोण वापरतं?"

"तुझी बायको. जर्दाळू वाळवते."

"आणखी कुणी?"

"बोरोंबायची गाढवी. दुपारची झोपते तिथं."

मामंजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून मीही घेणार नाही. पूर्वी शेतावर औषध फवारणारी विमानं गावाबाहेर उतरायची, त्यांचे ते मेकॅनिक होते. हिवाळ्यात विमानं उडायची नाहीत, तेव्हा ते तालुक्याला मुलांचा कार्टिंगचा वर्ग चालवायचे. पाइप वाकवून शर्यतीच्या छोट्या, बसक्या गाड्या करायच्या, मोटरसायकलची इंजिनं बसवायची आणि पोरांना वळणं शिकवायची. मग सोव्हिएत सरकार गेलं, विमानं गेली, वर्ग गेला. सहाशे मीटरची डांबरी धावपट्टी तेवढी उरली.

"मी तिथं गो-कार्टचा ट्रॅक करणार आहे," एसेन म्हणाला.

मामंजींनी कप खाली ठेवला. उठले, खोपटात गेले, आणि बऱ्याच वेळाने एक पत्र्याची पेटी घेऊन आले. तिच्यात बंद पडलेलं स्टॉपवॉच होतं, आणि कसरीने खाल्लेला काळापांढरा झेंडा.

"तू करणार म्हणजे? आपण करणार," ते म्हणाले.

एसेनने सगळं डोक्यात मांडलेलं होतं. त्याच्या दुकानाशेजारी असाच ट्रॅक होता, रविवारी लोक रांगा लावायचे. आमच्या रस्त्याने उन्हाळाभर सरोवराकडे गाड्या जातात, शरदात सगळ्या तालुक्यात लग्नं असतात, लग्नाला आलेली तरणी माणसं जेवून झाल्यावर नुसती रस्त्यावर उभी असतात. हे सगळं तो भराभर बोलला आणि शेवटी हळू म्हणाला, "ऑक्टोबर लागला की तिकडं सगळ्या शहराला बर्फातले टायर बसवायचे असतात. मालकाने माझी जागा धरून ठेवली आहे. सप्टेंबरात ट्रॅक सुरू झाला तर मी राहतो. नाही झाला तर जातो. घर चालायला हवं ना."

मी चहा ओतत होते. तो कपात कमी आणि खाली अंथरलेल्या दस्तरखानावर जास्त पडला.

"उलकान, लक्ष कुठं आहे?" एसेन म्हणाला.

कुठे असणार? मी मनात सप्टेंबरपर्यंतचे महिने मोजत होते.

मे महिन्यात एसेन राजधानीला, बिश्केकला गेला. तिथला एक ट्रॅक बंद पडला होता, त्यातल्या दोन गाड्या आणायच्या होत्या. तो दहा दिवस तिकडे होता, आणि नेमकं त्याच आठवड्यात माझा मोठा भाऊ जोल्दोश गावाची मेंढरं घेऊन डोंगरावरच्या कुरणांकडे निघाला. नऊशे मेंढरं, चार मेंढपाळ, सहा कुत्री. दरवर्षीसारखी ती पॉपलरच्या रांगेच्या टोकाशी धावपट्टीवर चढली, आडवी ओलांडली आणि घळीच्या वाटेला लागली. मी कुंपणाशी उभी राहून दादाला पाव आणि सुकं दही बांधून दिलं.

"दाजी कुठं आहेत?" दादाने घोडीवरूनच विचारलं.

"गाड्या आणायला गेलेत. ट्रॅक करायचाय."

"आता जोडीला रेल्वे काढा म्हणावं," दादा म्हणाला आणि निघून गेला. वर फोन लागत नाही. म्हणजे ऑक्टोबरपर्यंत बोलणं संपलं.

जूनमध्ये गावची सभा झाली. धावपट्टी गावाची, म्हणून सगळ्यांना विचारायचं होतं. विरोध करतील असे सगळे वर मेंढरांमागे गेलेले. खाली राहिले होते म्हातारे, शिक्षक, दुकानदार आणि बायका. म्हाताऱ्यांनी दाढ्या कुरवाळल्या, बोरोंबायने गाढवीचं काय करायचं ते विचारलं, आणि हात वर झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही आखणीला गेलो. मामंजी मधे खुंटी ठोकायचे, दोरीचं दुसरं टोक मी ताणून धरायची, आणि एसेन दोरीच्या कडेने फक्की टाकत जायचा. मामंजींच्या अंगात वीस वर्षांचा माणूस संचारला होता.

"सरळ पट्टा लांब ठेव. माणसाला वाटलं पाहिजे, आपण उडतोय. मग पहिलं वळण उघडं. दुसरं उलट. आणि तिसरं असं आखू, की ज्याला ब्रेक कळत नाही त्याला तिथं कळेल."

"तिसरं कुठं?"

"पॉपलरच्या टोकाशी. तिथं जमिनीला उतार आहे."

मी दोरी धरून पॉपलरच्या टोकाशी गेले. माझ्या पायांखाली मेमधल्या लेंड्या वाळून पडल्या होत्या, मातीत खुरांचे ठसे होते. इथूनच ती जातात, इथूनच परत येतात. हे मला माझ्या हाताच्या बोटांइतकं ठाऊक होतं. एसेनकडे पाहिलं. तो वाकून फक्की टाकत होता, तोंडाने शीळ घालत होता. आठ वर्षांत मी त्याची शीळ ऐकली नव्हती. फोनवर कोण शीळ घालतं? तो इथेच जन्मला, लहानपणी याच वाटेने मेंढरांमागे गेला, आणि आता त्या ठशांवर फक्की टाकत होता आणि त्याला काही दिसत नव्हतं.

"ताण ना दोरी!" तो ओरडला.

मी दोरी ताणली. बोलले नाही. मेंढरं ऑक्टोबरात येतात, ट्रॅक सप्टेंबरात उघडेल, मग पुढचं पुढे. मी स्वतःला असंच समजावलं. लबाडी होती, आणि लबाडी आहे हे त्या क्षणीही मला कळत होतं.

जुलैत अशार बोलावला. अशार म्हणजे गावाने मिळून काम करायचं आणि घरच्याने जेवू घालायचं. मजुरीचं नाव काढलं तर लोक उठून जातील. वळणांना नवं डांबर घालायचं होतं. अर्ध्या पिंपात डांबर उकळत होतं, पुरुष फळ्यांनी ते पसरत होते, बायका बादल्यांनी खडी ओतत होत्या, आणि रोलर म्हणून बोरोंबायने सिमेंट भरलेलं एक पिंप गाढवीला जोडून आणलं होतं. तिची झोपायची जागा आपण घेतली, तर तिला काम तरी द्यावं, असं त्याचं म्हणणं. धुराने डोळे चुरचुरत होते. दुपारी ऊन असं होतं, की ओतलेलं डांबर निवायलाच तयार नव्हतं.

एसेनच्या मनगटावर डांबराचा थेंब उडाला. त्याने हात झटकला, आणखी पसरलं. मी त्याला सावलीत ओढलं आणि मेंढीच्या शेपटीची चरबी चोळून चोळून डांबर सोडवायला लागले. खाली कातडी लाल झाली होती.

"दुखतंय?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस. मला फोनवरून खोटं कळायचं नाही, इथं कळतं."

तो हसला. इतक्यात खिशातला फोन वाजला. टायरच्या दुकानाचा मालक होता. एसेन रशियनमध्ये "हो, हो, कळवतो" म्हणत लांब गेला. चरबी लावलेला हात त्याने बाजूला धरला होता, कपड्यांना लागू नये म्हणून. मी चरबीचा तुकडा हातात घेऊन तशीच बसून राहिले. तुला कळवायला लागू नये, एवढंच मी त्या दिवशी मागितलं.

ऑगस्टभर अंगणात वेल्डिंग चाललं. आणलेल्या दोन गाड्या होत्या, आणखी चार बापलेकांनी केल्या. पाइप नेमका किती वाकवायचा यावर रोज भांडण.

"बाबा, हे विमान नाही."

"विमान असतं तर तुला हात लावू दिला नसता."

सरपंच बघायला आले. अंगाने भरलेला माणूस. गाडीत बसले ते बसले, मग निघेनात. मामंजींनी एका बाजूने, एसेनने दुसऱ्या बाजूने धरून ओढलं, तेव्हा सीट कमरेला धरून सरपंचांबरोबर वर आली. मी तोंडात डोक्यावरच्या रुमालाचं टोक कोंबलं. सरपंच शांतपणे म्हणाले, "एक जरा मोठी करा," आणि तशी एक मोठी केलीही.

जुने टायर गोळा करायला आम्ही पाच गावं फिरलो. ट्रकचे, ट्रॅक्टरचे, एक तर विमानाचा. तारेने बांधून, लालपांढरे रंगवून, वळणांच्या बाहेर भिंती रचल्या. तिसऱ्या वळणावरची भिंत सगळ्यांत जाड. गावात ज्यांना मेंढरांची वाट आठवली, त्यांना वाटलं, जोल्दोश माझाच भाऊ, आम्ही त्याच्याशी बोललो असू. मेरीमने त्या भिंतीवर ब्रशने मासा काढला. मासा का, तर तिला वाटलं म्हणून.

फीत कापायची नाही, हे मामंजींनी ठरवलं. अक्तान तेरा महिन्यांचा झाला होता, चार पावलं टाकून बसत होता. पहिली पावलं टाकणाऱ्या मुलाच्या पायांना काळ्यापांढऱ्या लोकरीची दोरी बांधायची, शर्यत लावायची, आणि जो पहिला येईल त्याने ती कापायची, ही आमच्याकडची रीत. कापणाऱ्याची चाल मुलाला लागते. मेरीमची दोरी कापली, तेव्हा तिचा बाप फोनच्या पडद्यावर होता, आणि पोरं पळायला लागली आणि तो पडदा मधेच थिजला. दोरी कापलेली त्याने पाहिलीच नाही.

"शर्यत गाड्यांची लावू," मामंजी म्हणाले. "पहिला येईल तो अक्तानची दोरी कापेल. ट्रॅकही उघडेल आणि पोराचा पायही."

एसेन पुढे आला. अक्तानला उचलून त्याने त्याच्या पायांचे तळवे आपल्या गालांना लावले. दोरी मी स्वतः वळली, दोन दिवस लावून.

दिवस ठरला सप्टेंबरचा तिसरा रविवार. आदल्या गुरुवारी सकाळी मी बाहेर आले, तर डोंगर कमरेपर्यंत पांढरे. खिंडीत बर्फ पडलं होतं, नेहमीपेक्षा पंधरा दिवस आधी. मी अंगणात उभी राहून बोटांवर दिवस मोजले. बर्फ पडलं म्हणजे दादा एक दिवस थांबणार नाही.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. शुक्रवारी सांगायला हवं होतं. शनिवारी मी सबंध दिवस बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे तळत होते, टोपल्यांवर टोपल्या, आणि प्रत्येक घाण्याबरोबर म्हणत होते की एवढा काढला की सांगते. एसेन दहा वेळा स्वयंपाकघरात आला, गरम बोरसोक पळवून गेला, तोंड भाजून घेतलं. कसं सांगायचं?

रविवारी ऊन स्वच्छ पडलं. अकरा वाजेपर्यंत धावपट्टीवर दीड-दोनशे माणसं जमली. म्हातारे नमद्याच्या उंच टोप्या, कलपाक घालून बाकांवर बसले. एसेनने इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस ओले करून बसवले होते. सहा गाड्या ओळीत उभ्या. अक्तानच्या पायांत दोरी बांधून त्याला मेरीमच्या मांडीवर दिलं. मामंजींनी झेंडा काढला, कसरीची भोकं मी रात्रीतून रफू केली होती.

मला आधी कुत्री ऐकू आली.

मग घळीच्या तोंडातून मेंढरं उतरली. ओली, चिखलाने भरलेली, माना खाली घातलेली. सगळ्यांत पुढे म्हातारा बोकड. तो सरळ आपल्या वाटेने आला, टायरांच्या भिंतीशी थांबला, डोकं लावून बघितलं, मग भिंतीच्या कडेकडेने फट शोधत ट्रॅकवर चढला. मागून बाकीची. नवं काळं डांबर सकाळच्या उन्हाने तापलेलं होतं. बोकड त्याच्यावर दोन पावलं चालला, थांबला, गुडघे मोडून खाली बसला. दोन रात्री बर्फात चाललेलं जनावर, पोटाखाली ऊब लागल्यावर काय करणार? पाच मिनिटांत तिसऱ्या वळणापासून अर्ध्या सरळ पट्ट्यापर्यंत नऊशे मेंढरं डांबरावर पसरली आणि रवंथ करायला लागली.

गर्दी माना उंचावून बघत होती. मग बोरोंबाय म्हणाला, "एसेन, आमची गाढवी तरी एकटी झोपायची."

हशा पिकला. एसेनचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. तो गाडीकडे धावला. "इंजिन चालू करतो, आवाजाने उठतील!"

"हात लावू नका दाजी!" घळीकडून माझा भाऊ ओरडला. घोडीवर बसलेला, अंगावरचा कोट बर्फाच्या पाण्याने जड झालेला, ओठ फुटलेले. "दोन रात्री एकही बसली नाही. आता घाबरवलीत तर एकमेकींना तुडवून मरतील. आणि हे टायर कुणी रचले माझ्या वाटेत?"

"मी," एसेन म्हणाला.

"तुम्ही? तुम्ही स्वतः या वाटेने मेंढरं नेलीत ना लहानपणी? तुमच्या रशियात मेंढरं विमानाने येतात वाटतं!"

पुन्हा हसले लोक. या वेळी एसेन हसण्याच्या पलीकडे गेला होता. तो वळला आणि टायरांच्या भिंतीमागे जाऊन बसला. मी चहाचा कप घेऊन मागोमाग गेले. मेरीमच्या माशाखाली तो गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"मी विसरलो, उलकान," तो म्हणाला. "रस्ता विसरलो. आपल्या मेंढरांचा रस्ता. आठ वर्षांत माणूस एवढा परका होतो? यापेक्षा टायर बदललेले बरे. तिकडं मला कुणी हसत नाही."

आता नाही बोलले तर कधीच नाही, असं मला वाटलं. "तू विसरलास. मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"हेच. जूनमध्ये दोरी धरली तेव्हापासून. मेमध्ये मी स्वतः दादाला इथून निरोप दिलाय."

त्याने गुडघ्यांतून डोकं वर काढलं. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू म्हणाला असतास, जमत नाही, जातो. मला तू हवा होतास. ट्रॅक गेला खड्ड्यात. मला सकाळी उठल्यावर घरात तुझी शीळ हवी होती. म्हणून गप्प बसले. माझं चुकलं, आणि पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा चुकेन."

"सगळ्या गावासमोर माझं—"

"मलाही ठाऊक होतं," भिंतीच्या पलीकडून आवाज आला. मामंजी झेंड्याची काठी टेकत वळसा घालून आले. "तीस वर्षं या पट्टीवर काम केलं मी. मला ठाऊक नसेल?"

"बाबा, तुम्हीसुद्धा!"

"मला वाटलं, सूनबाईला ठाऊक नाही. म्हणून तिच्यासमोर काढलं नाही."

"आणि मला वाटलं, मामंजी विसरले," मी म्हणाले.

एसेन आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत होता. राग कुणावर काढावा हे त्याला कळेना. शेवटी त्याने माझ्या हातातला चहा घेतला आणि एका दमात प्यायला. कढत होता, तरी प्यायला.

मामंजी माझ्या भावाकडे गेले. आम्हीही मागून गेलो. दादा उतरून घोडीचा पट्टा ढिला करत होता.

"जोल्दोश, तुझा बाप मेंढरं आणायचा तेव्हा विमानं काय करायची?"

दादाने आठवलं. "वर घिरट्या घालायची. मेंढरं पार होईपर्यंत."

"पायलट कोण असेल तो असो, मेंढरं आधी. माझं निम्मं आयुष्य इंधन जाळणाऱ्या त्या घिरट्या पाहण्यात गेलं. विमानं थांबायची, तर या फटफट्या थांबणार नाहीत? त्या भिंतीत फाटक करू. मेंढरं वर जातील तो दिवस आणि खाली येतील तो दिवस, ट्रॅक बंद."

"आणि लोकर कातरायला आणतो तो?"

"तोही."

"आणि टोचायला डॉक्टर येतो तो?"

"दाढी धरू दिली म्हणून अंगावर चढू नकोस आता," मामंजी म्हणाले, आणि दादा पहिल्यांदा हसला. मग त्याने एसेनकडे पाहिलं. एसेन खाली मान घालून उभा होता. दादाने त्याच्या खांद्यावर ओला हात टाकला.

"दाजी, डांबर मात्र झकास घातलंत. बघा कशी झोपलीत. मला गाडीत बसवणार ना?"

मेंढरं उठेपर्यंत कुणी घरी गेलं नाही. शनिवारचे माझे बोरसोक कामी आले. माणसं एका बाजूला चहा पीत होती, मेंढरं दुसऱ्या बाजूला रवंथ करत होती. ज्यांची मेंढरं होती ते मधूनच जाऊन आपापली ओळखून येत होते, कुणाची लंगडतेय, कुणाची मेद धरून आली. तीनच्या सुमारास बोकड आपण होऊन उठला. अंग झाडलं. त्याच्या मागून सगळी उठली आणि आधीच उपटून ठेवलेल्या टायरांच्या फटीतून गावाकडे गेली.

मागे ट्रॅक दिसत नव्हता. लेंड्यांचा नुसता थर, ओला, ठिकठिकाणी तुडवलेला.

कुणी सांगितलं नाही, तरी लोक झाडू, फावडी, फळ्या घेऊन आले. सरपंचांनी बाह्या वर केल्या. गोळा केलेलं टाकून कोण देणार? वाळवलं की हिवाळ्याचं जळण, कुजवलं की खत. पोती भरली. घराघरातून आणलेली पोती संपली, बादल्या संपल्या, आणि वळणावर अजून मोठा ढीग होता.

"काही आहे का आणखी भरायला?" बोरोंबाय ओरडला.

एसेन घराकडे धावत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात ती चौकड्यांची बॅग होती. रिकामी. ती त्याने जमिनीवर ठेवली, चेन शेवटपर्यंत ओढली, आणि फावड्याने तिच्यात लेंड्या भरायला लागला.

माझा झाडू थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. एक फावडं, दुसरं फावडं. काठोकाठ भरल्यावर त्याने पायाने दाबून आणखी जागा केली.

"आतलं सामान कुठं आहे?" मी विचारलं. मी झाडू खाली टाकला.

"जमिनीवर ओतलं. आवर नंतर. ती कड धर, जड झालीय."

मी कड धरली. दोघांनी मिळून ती हातगाड्यावर चढवली, आणि खालून तिच्यातून पाणी गळत होतं. मी रडत होते, पण सगळ्यांच्या चेहऱ्यांवर तसाही घाम होता.

पाच वाजता शर्यत झाली. सहा गाड्या, चार फेऱ्या. सरपंच मोठ्या गाडीत. मामंजींनी झेंडा खाली केला आणि इंजिनं अशी केकाटली, की म्हाताऱ्यांनी कानांवर कलपाक ओढले. सरळ पट्ट्यावर एसेन सगळ्यांच्या पुढे होता, माझा भाऊ सगळ्यांच्या मागे, त्याच ओल्या कोटात, घोडीवर बसल्यासारखा ताठ. शेवटच्या फेरीत एसेन तिसऱ्या वळणाला लागला आणि सरकत जाऊन टायरांत घुसला. त्याच्यामागे शिक्षक, त्याच्यामागे सरपंच, त्यांच्यामागे उरलेले दोघे. झाडून घेतलं तरी डांबरावर पातळ हिरवा लेप राहिलाच होता. दादा तेवढा तिथे मुंगीच्या पावलाने आला, हळूच वळला, आणि सगळ्यांना हात करत पुढे निघून गेला.

"लेंड्यांवरून कसं चालायचं ते मला शिकवता?" उतरल्यावर तो म्हणाला.

आणि अक्तानची दोरी त्याच्या मामाने कापली. एसेन गुडघ्यांवर बसून समोर हात पसरून होता, शर्टाला हिरवे डाग, केस विस्कटलेले. दोरी तुटली आणि पोर चालायला लागलं. चार पावलं, पाच, सहा, सात, आणि थेट बापाच्या हातांत. एसेनने मेरीमकडे पाहून विचारलं, "तू पण अशीच आली होतीस?"

"मी धावत आले होते," मेरीम म्हणाली. "तुम्ही पाहिलं नाही."

"हो. नाही पाहिलं," तो म्हणाला आणि दुसऱ्या हाताने तिला जवळ ओढलं.

घरी येऊन हातपाय धुतो, तोवर त्याचा फोन वाजला. मी जमिनीवर पडलेलं सामान आवरत होते. तो या वेळी बाहेर गेला नाही. माझ्यासमोर बसूनच रशियनमध्ये बोलला, आणि एवढं रशियन मला येतं.

"नाही, मालक, येत नाही. खरंच नाही. दुसरा माणूस बघा," तो म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. एसेनने खिडकीतून बाहेर पाहिलं. बॅग कुंपणाशी उभी होती, पोट फुगलेलं, चेन उसवलेली. "कसं येऊ? बॅगेत लेंड्या भरल्यात."

एवढं बोलून त्याने फोन ठेवला. मी हिवाळी कोट झटकला आणि दाराशेजारच्या खुंटीला अडकवला.